जांबोटीच्या पुढच्या घरातली फायरप्लेस आणि चिमणीत लागलेली आग : एका केसची पूर्ण हकीकत

बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्याला लागलं की जांबोटीच्या पुढं आता फार्महाऊस नाहीतर होमस्टे दिसतच राहतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना हॉलमध्ये फायरप्लेस पाहिजेच असते. ह्याला नुसती हौस म्हणून हसून चालणार नाही, कारण तिकडची हवाच तशी आहे, पावसाळ्यात चार महिने भिंतीला ओल, चादरी कुबट, कपडे वाळता वाळत नाहीत, आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री दोन रगांतसुद्धा पाय गार. खरं ती बांधायची कशी हे माहीत असलेला गवंडी आपल्याकडं शोधून मिळत नाही, आणि बांधल्यावर दरवर्षी आतनं साफ करायची असते हे तर घर ताब्यात देताना कुणी सांगतच नाही. असल्याच एका घराची केस इथं सविस्तर लिहितोय. मी बेळगावात बांधकामाची कामं बघतो, आग लागून गेल्यावर दुरुस्ती काय करायची ते सांगायला मला तिथं बोलावलं होतं. घर कुणाचं ते सांगत नाही, मालकांनी लिहायला हो म्हटलंय एवढं पुरे.

घर जांभ्या चिऱ्याचं, वर लाकडी वासे, रिपा आणि मंगलोरी कौलं, आतनं दिसायला बरं दिसावं म्हणून प्लायवूडचं सीलिंग. राहणारे काका-काकू दोघंही रिटायर्ड, काकांच्या आई म्हणजे आजी, आणि मुलगा गोव्यात नोकरीला, शनिवार-रविवार घाट चढून येणारा. फायरप्लेस हॉलमध्ये, तिची पाठ आजींच्या खोलीच्या भिंतीला, आणि चिमणी त्याच भिंतीतनं सरळ वर माळ्यातनं कौलाबाहेर. गवंडी लोंढ्याकडचा, चिऱ्याच्या कामात एक नंबर, भिंत बघितली तर ओळंबा लावायची गरज नाही इतकी सरळ. त्यानं आधी गुऱ्हाळाची चुलवाणं बांधलेली होती त्यामुळं धुराडं म्हणजे काय हे त्याला चांगलं माहीत होतं. इथंच गोम आहे. गुऱ्हाळ असतं उघड्या मांडवात, जाळ दणकून चालतो, धुराडं इतकं तापतं की धूर आत कुठं चिकटायला थांबतच नाही, आणि एखाद्या फटीतनं धूर आलाच तर वाऱ्यावर जातो, कुणाच्या बेडरूममध्ये जात नाही. घरातली फायरप्लेस म्हणजे ह्याच्या अगदी उलट, लहान जाळ, मंद जाळ, थंड नळी, आणि चारी बाजूला लाकूड. गवंड्यानं गुऱ्हाळाच्या हिशेबानं बांधलं आणि मालकांनी मोबाईलवरचा फोटो दाखवून वरची सजावट तेवढी करून घेतली.

पाच वर्षं काही झालं नाही. म्हणजे झालं नाही असं सगळे म्हणत होते.

आग लागली ती संक्रांतीच्या आठवड्यात, शनिवारी रात्री. मुलगा दोन मित्रांना घेऊन आला होता. जळण ओलसर, पेटता पेटेना, म्हणून काकूंनी कोपऱ्यातल्या पोत्यातली काजूची टरफलं दोन-तीन ओंजळी टाकली. आपल्याकडं हे नवीन नाही, चंदगड-खानापूर पट्ट्यात काजूच्या फॅक्टऱ्या आहेत, टरफलं स्वस्तात मिळतात, आणि पेटतात अशी की बघत राहावं, कारण त्या टरफलात वजनाच्या साधारण पाव हिस्सा तेलच असतं. हातावर लागलं की फोड येतात तेच हे तेल. जाळ एकदम उसळला, सगळे खूश. पाच-दहा मिनिटांत भिंतीतनं आवाज यायला लागला. आजी पलीकडच्या खोलीत झोपलेल्या, त्यांना वाटलं भरलेला ट्रक चोर्ल्याचा घाट चढायलाय आणि तो आपल्या अंगणातच आलाय. बाहेर येऊन बघतात तर चिमणीच्या तोंडातनं हातभर जाळ आणि लाल निखारे उडून कौलांवर पडायलेत.

मग जे सगळ्यांच्या डोक्यात येईल तेच एका मित्राच्या डोक्यात आलं, बाथरूममधली बादली आणून त्यानं सरळ फायरप्लेसमध्ये ओतली. पाणी तापलेल्या दगडावर पडलं की वाफ होताना त्याचा आकार सतराशे पटीच्या आसपास फुगतो, ती वाफ वर न जाता समोर आली, राख आणि निखारे घेऊन आली. पोराचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. वर चिमणीतली आग विझली नाहीच, कारण ती खाली नव्हतीच, ती नळीच्या आतल्या थराला लागली होती.

काकांनी मात्र एक काम भारी केलं, आरडाओरडा न करता आधी आजींना खुर्चीसकट उचलून अंगणात नेलं, किचनमधला गॅसचा रेग्युलेटर बंद केला, हॉलच्या खिडक्या-दारं लावून घेतली आणि ११२ ला फोन केला. दारं लावणं हे फार महत्त्वाचं, चिमणीतली आग खालनं हवा ओढत असते, हवा जेवढी कमी तेवढी ती मंद. शेजारच्या काजूच्या बागेतली दोघं-तिघं शिडी घेऊन आली, त्यांनी कौलांवर पडलेले निखारे ओल्या पोत्यानं दाबले. पाऊण तासात आवाज बंद झाला, जाळ दिसेना. चहा ठेवला गेला. आणि अग्निशमनची गाडी पोचली तेव्हा घरातले म्हणायला लागले, ‘विझली ओ साहेब, उगीच तुम्हाला त्रास.’

गाडीवरच्या एका जुन्या माणसानं ऐकलं नाही. त्यानं माळ्यावर चढून चिमणीच्या भोवतीच्या चिऱ्यावर हाताची उलटी बाजू धरली आणि वरची कौलं काढायला सांगितली. चार-पाच कौलं निघाली तर खाली चिमणीला टेकलेल्या वाशाचं टोक काळं, आणि फुंकर मारली की आत लाल. ज्वाला नाही, धूर जेमतेम, नुसतं धुमसत होतं. तो माणूस चहा पिऊन परत गेला असता तर पहाटे तीन-चारला, सगळे झोपलेले असताना, आख्खं छत पेटलं असतं असं मला तरी वाटतं. चिमणीतली आग विझल्यावर पुढचे काही तास आजूबाजूचं लाकूड तपासत राहायचं ते ह्यासाठी, आणि बंद झाली वाटलं तरी अग्निशमनची गाडी परत पाठवायची नाही ती पण ह्यासाठीच.

आता मी काय बघितलं ते.

पहिल्यांदा खालनं आरसा आणि टॉर्च घेऊन बघितलं. डँपर नाही, म्हणजे वापरात नसताना नळी बंद करायची झडपच नाही. स्मोक चेंबरचा भाग, जिथं रुंद तोंडावरनं धूर अरुंद नळीत शिरतो, तिथं चिऱ्याचे थर एकेक करून आत घेतलेले आणि पायऱ्या तशाच ठेवलेल्या, वर गिलावा नाही. अशा प्रत्येक पायरीवर काजळी बसायला जागा. नळीला लायनर म्हणजे आतनं वेगळं अस्तर नाही, नुसता चिरा आणि सिमेंटचा माल. जांभा किती पाणी पितो हे आपल्याकडच्या कुणालाही सांगायला नको, आणि कौलाबाहेरच्या भागावर टोपी नसल्यामुळं चार महिने पाऊस वरनंही आत आणि बाजूनंही आत. म्हणजे नळी कायम ओली आणि गार.

धुराचं विज्ञान फार अवघड नाही. लाकूड जळतं तेव्हा त्यातला बराच भाग न जळता वायू, पाण्याची वाफ आणि डांबरासारख्या पदार्थांच्या बारीक थेंबांच्या रूपात वर जातो. हा धूर नळीत साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली गार झाला की भिंतीवर घाम सुटल्यासारखा बसतो, त्याला क्रिओसोट म्हणतात. सुरुवातीला तो काळ्या भुकटीसारखा असतो, ब्रश मारला की पडतो. तसाच राहिला तर चकाकणारे कुरकुरीत पापुद्रे होतात, ते खरवडून काढावे लागतात. त्यावर पुन्हा पुन्हा तापून, वितळून, गोठून शेवटी काचेसारखा गुळगुळीत काळा थर होतो, तो ब्रशला दाद देत नाही, स्क्रूड्रायव्हरनं टोचलं तर टोक घसरतं. थर ३ मिलिमीटर म्हणजे साधारण एक सूत झाला की साफ केल्याशिवाय पुढं आग पेटवायची नाही असा ठोकताळा आहे. आणि हा थर पेटला की नळीतलं तापमान हजार-अकराशे अंशापर्यंत जाऊ शकतं.

वर कौलावर चढून नळीत बघितलं तेव्हा तोंडाजवळच्या दोन फुटांत आग पोचूनही न जळलेला थर शिल्लक होता, काचेसारखा, मी मोजला तो ६ मिलिमीटरच्या वर होता. त्याखाली मात्र वेगळंच, राखाडी, फुगलेलं, मधाच्या पोळ्यासारखं जाळीदार, बोट लावलं की चुरा. क्रिओसोट जळून गेल्यावर असं फुगतं, चिमणीत आग लागून गेल्याची ही पक्की खूण. पण त्या फुगलेल्या थराच्या वर एका ठिकाणी पुन्हा चकाकणारा नवा थर बसलेला दिसला. म्हणजे ही आग पहिली नव्हती.

काकूंना विचारलं, आधी कधी अंगणात काळं काही पडलेलं दिसलं का. त्या म्हणाल्या, ‘अहो मागच्या श्रावणात रोज सकाळी व्हरांड्यात काळी काळी टरफलं पडलेली असायची, मी म्हटलं कावळे काहीतरी टाकायलेत.’ ते पापुद्रे चिमणीतले होते. मंद चिमणी-आगी अशाच असतात, आवाज नाही, जाळ बाहेर दिसत नाही, हवा कमी पडते म्हणून नुसतं धगधगून बंद होतात, पण चिऱ्याचा माल फुटायचा तो फुटतोच. ह्या घरात पावसाळ्यात निदान एकदा तरी तसं झालं असणार.

पावसाळा हा ह्या केसमधला खरा गुन्हेगार आहे असं माझं मत. बाहेरच्या देशांतली माहिती वाचली तर सगळं हिवाळ्याभोवती फिरतं, तिकडं थंडीच्या आधी वर्षातनं एकदा चिमणी तपासा म्हणतात, आणि अमेरिकेतल्या एनएफपीए २११ ह्या मानकात तर वर्षातनं किमान एकदा तपासणी सांगितलेलीच आहे. आपल्याकडं जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला फायरप्लेस हिवाळ्यापेक्षा पावसाळ्यात जास्त चालते, आणि ती उबेसाठी नाही तर ओल घालवायला, म्हणून मंद ठेवतात, एक ओंडका संध्याकाळी टाकायचा आणि तो रात्रभर धुमसत ठेवायचा. ओलं लाकूड, मंद जाळ, गार ओली नळी. क्रिओसोट बनवायचा कारखाना काढायचा तर ह्याहून वेगळं काही लागत नाही.

जळण मी लाकडातली ओल मोजायचा मीटर लावून बघितलं. घराच्या मागं निळी ताडपत्री चारी बाजूनं दोरीनं बांधून आकेशियाचे ओंडके ठेवलेले, काका म्हणाले वर्षभर झाकून ठेवलंय, सुकलेलं आहे. एक ओंडका फोडून आतल्या बाजूला मीटर टोचला तर ३४ टक्के. जळायला २० टक्क्यांच्या खाली पाहिजे. चारी बाजूनं बांधलेल्या ताडपत्रीत लाकूड वाळत नाही, नुसतं घामेजतं, जमिनीची ओल पण वर येते. विटांवर नाहीतर जुन्या पॅलेटवर रचायचं, वरनं झाकायचं, बाजू उघड्या ठेवायच्या, आणि अख्खे ओंडके न ठेवता आधीच फोडून ठेवायचे, कारण साल शाबूत असली की पाणी बाहेर पडायला वाट नाही. फोडलेली फाटी सहा महिने ते वर्षभर असं राहिली तर काम होतं. मीटर नसला तर दोन फाटी एकमेकांवर आपटून बघायची, वाळलेली खणखण वाजतात, ओली ठप्प करतात, आणि वाळलेल्याच्या कापलेल्या तोंडावर मधनं बाहेर जाणाऱ्या भेगा दिसतात.

काजूच्या टरफलाचं तर वेगळंच. तेल पूर्ण जळायला जेवढी उष्णता आणि हवा लागते तेवढी घरातल्या फायरप्लेसमध्ये नसते, मग अर्धवट जळलेलं ते चिकट तेल धुरातनं वर जाऊन आधीच्या क्रिओसोटवर बसतं. आणि त्या रात्री तर टरफलांचा जाळ एवढा उंच गेला की थेट स्मोक चेंबरच्या थराला लागला. काड्यापेटी काकूंच्याच हातात होती म्हणून त्या अजून स्वतःला बोल लावतात, खरं पाच वर्षांचा थर तिथं असताना ह्या नाहीतर दुसऱ्या दिवशी तो पेटणारच होता.

आता मोजमापाचं. फायरप्लेसचं तोंड ३६ इंच बाय ३० इंच म्हणजे १०८० चौरस इंच, आणि नळी आतनं ९ बाय ९ म्हणजे ८१ चौरस इंच. साधा हिशेब असा की नळी तोंडाच्या एक दशांश तरी पाहिजे, म्हणजे इथं १०८ लागली असती. त्यात चिमणी कौलातनं बाहेर येऊन जेमतेम फूटभर, आणि आढं तिच्यापासून सहा फुटांवर, चिमणीपेक्षा चांगलं उंच. नियम असा सांगतात की चिमणी छतातनं जिथं बाहेर येते तिथनं ३ फूट तरी वर पाहिजे, आणि १० फुटांच्या आत जे काही असेल त्याच्यापेक्षा २ फूट उंच पाहिजे. ही आढ्याच्या आडोशाला, त्यामुळं वारा आढ्यावरनं वळसा घालून खाली येताना धूर परत ढकलायचा. धूर हॉलमध्ये येतोय म्हणून काका काय करायचे तर आग अजून मंद ठेवायचे.

आणि वासे. वासा चिमणीला टेकवून, वरनं सिमेंट भरून, व्यवस्थित बंद केलेला. गवंड्याच्या दृष्टीनं हे चांगलं काम, गळती नाही. पण घरात असलेल्या चिऱ्या-विटांच्या चिमणीपासून लाकूड निदान २ इंच लांब पाहिजे. वर्षानुवर्षं गरम भिंतीला टेकलेलं लाकूड हळूहळू कोळशासारखं होत जातं आणि मग नेहमीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेतं. त्या वाशाचं टोक मी कापून आणलंय, त्यातला काळा भाग एका रात्रीत झालेला नाही हे बघताक्षणी कळतं.

आजींचं डोकेदुखीचं प्रकरण मला शेवटी कळलं आणि मला विचाराल तर आगीपेक्षा मी त्याला जास्त घाबरलो. दुरुस्तीची यादी लिहीत बसलो होतो तेव्हा आजी सहज म्हणाल्या, ‘ह्या खोलीत झोपलं की सकाळी डोकं जड असतंय बघ बाळ, उलटीसारखं होतंय, अंगणात बसलं की बरं वाटतंय.’ किती दिवसांपासून, तर दोन पावसाळे. बीपीची गोळी बदलून झाली होती, चष्म्याचा नंबर बदलून झाला होता. मी त्यांच्या खोलीतलं कपाट सरकवलं, मागं चिमणीच्या भिंतीवर चिऱ्याच्या सांध्यांच्या रेषेत पिवळट-तपकिरी डाग, बोट लावलं की चिकट, वास धुराचा. म्हणजे सांध्यांतनं धूर त्या खोलीत येत होता, आणि धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड.

ह्या वायूला रंग नाही, वास नाही, डोळ्याला झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त ओढीनं चिकटतो, मग शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, गुंगी, आणि प्रमाण जास्त झालं तर झोपेतच संपतो माणूस. आग धुमसत असते तेव्हा तो जास्त बनतो, म्हणजे रात्रभर ठेवलेला तो एक ओंडका. आजींच्या रक्ताची तपासणी त्या वेळी झालेली नाही त्यामुळं शंभर टक्के तेच होतं असा दावा मी करणार नाही, पण त्या खोलीत डोकं दुखतं आणि अंगणात थांबतं, फायरप्लेस चालू असलेल्या महिन्यांतच दुखतं, आणि चिमणी बंद झाल्यापासून दुखलेलं नाही, एवढं जुळल्यावर अजून काय पाहिजे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, करोनापासून प्रत्येक घरात तो आहे पण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजन असलेल्या रक्तासारखंच दिसतं, माणूस गुंगीत असेल आणि आकडा ९८ दाखवेल. असा संशय आला तर दारं-खिडक्या उघडत बसण्यापेक्षा आधी माणसाला बाहेर न्यायचं, मग दवाखाना, आणि डॉक्टरांना घरात आग किंवा गॅस गीझर चालू होता हे सांगायचं, नाहीतर त्यांना तरी कसं सुचणार.

दुरुस्तीच्या आधी एक गंमत झाली ती सांगतो. मुलानं मोबाईलवर शोधून चिमणी क्लीनिंगवाला बोलावला, तो शहापुरातनं आला, बॅगेत स्प्रे, कॉस्टिक आणि फिल्टर घासायचा ब्रश. हॉलमध्ये उभा राहून त्यानं फायरप्लेसकडं बघितलं आणि विचारलं, ‘मॅडम, चिमणी किचनमध्ये आहे ना?’ बिचाऱ्यानं चहा घेतला आणि गेला. ही अडचण खरीच आहे, आपल्याकडं फायरप्लेसची चिमणी साफ करणारा धंदेवाईक माणूस नाही, स्वतःच शिकावं लागतं नाहीतर एखाद्या हुशार गवंड्याला शिकवावं लागतं.

इथं गवंडी तोच बोलावला. काका नको म्हणत होते, मी म्हटलं ज्यानं बांधलंय त्यालाच दाखवू काय झालंय ते, आणि कापलेला वासा त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘खोलून परत करूया की ओ, ह्यात काय.’

स्मोक चेंबरपासून वरची सगळी चिमणी उतरवली. चिऱ्यांना आडव्या-उभ्या भेगा होत्या त्यामुळं नुसतं भेगा भरून चालणार नव्हतं. उद्यमबागेत फाउंड्रीला लागणाऱ्या फायरब्रिक आणि फायरक्ले सहज मिळतात, त्यांनी आगीची पेटी आतनं बांधून घेतली आणि तोंड लहान करून २४ बाय २० इंच केलं. म्हणजे ४८० चौरस इंच, आणि वर ८ इंच व्यासाचा एसएस ३१६ म्हणजे स्टेनलेस स्टीलचा पाइप, ज्याचं क्षेत्रफळ ५० चौरस इंच होतं, हिशेब बसला. पाइपही उद्यमबागेतच वळवून वेल्डिंग करून घेतला, त्याभोवती सिरॅमिक ब्लँकेट गुंडाळलं म्हणजे नळी गरम राहते आणि धूर गार व्हायच्या आत बाहेर पडतो, त्याच्या बाहेरनं विटांचं बांधकाम. स्मोक चेंबरच्या पायऱ्या फायरक्लेच्या मालानं गुळगुळीत केल्या. खाली डँपर. वासे कापून २ इंच मागं घेतले, आणि ती फट लाकडानं किंवा थर्माकोलनं भरायची नाही हे गवंड्याला तीनदा सांगितलं, कौलाला पत्र्याचं फ्लॅशिंग केलं की गळती थांबते. वर चिमणी आढ्याच्या २ फूट वर नेली, टोपी बसवली आणि बाजूनं जाळी, कारण जाळी नसली की एक पावसाळा बंद राहिलेल्या नळीत पक्षी घरटं करतात नाहीतर गांधीलमाश्या. प्लायवूडचं सीलिंग चिमणीभोवतीचं काढून टाकलं. फायरप्लेसच्या पुढं पूर्वी थेट लाकडी फ्लोअरिंग होतं, तिथं समोर १६ इंच आणि दोन्ही बाजूला ८ इंच कडप्पा बसवला, ठिणगी पडली तर दगडावर पडावी म्हणून. समोर जाळीचा पडदा. आजींच्या खोलीत आणि हॉलमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, हा ऑनलाइन मिळतो, फक्त घेताना एलपीजी गळतीचा अलार्म उचलू नका, तो वेगळा आणि ह्या कामाचा नाही, आणि ह्याचा सेन्सर काही वर्षांनी संपतो त्यामुळं मागं छापलेली तारीख बघून बदलायचा.

साफसफाईचं वेळापत्रक आपल्या हवेप्रमाणं बसवलं, मिरगाच्या आधी एकदा आणि दसऱ्याची घरझाड निघते तेव्हा एकदा. स्टीलच्या पाइपला तारेचा ब्रश चालत नाही, नायलॉनचा गोल ब्रश, पाइपच्याच मापाचा, आणि एकात एक अडकवायच्या लवचिक काठ्या. आदल्या दिवशी आग पेटवायची नाही, तोंडाला ओलं पोतं लावून कडा टेपनं बंद करायच्या, मास्क आणि गॉगल घालायचा, वरनं खाली ब्रश फिरवायचा आणि काजळी तासभर बसू द्यायची, मगच पोतं काढायचं. कुणीतरी सुचवलं होतं की दोरीला साखळी किंवा माडाची झावळी बांधून वरनं फिरवली तर झालं, पूर्वी लोक तसं करायचे म्हणे. नुसत्या दगडी धुराड्यात भुकटी काढायला ते चालून जाईल, लायनर असलेल्या नळीत साखळी घातली तर लायनरच फाटेल. कौल पावसानं ओलं असताना वर चढायचं नाही हे वेगळं सांगायला नको, पण काका एकसष्टी झाल्यावरही चढतात म्हणून लिहिलं.

राखेबद्दल एक. राखेतले निखारे दोन-तीन दिवस, कधी चार दिवसही जिवंत राहतात. इथं राख प्लॅस्टिकच्या टबात भरून व्हरांड्यात ठेवायची सवय होती, नंतर भांडी घासायला आणि झाडांना. आता झाकणाचा लोखंडी डबा आहे, तो घरापासून लांब, दगडावर.

काजूच्या टरफलांवरनं घरात अजून कुरबुर आहे. काका म्हणतात बागेतल्या पोरांना पाणी तापवायच्या बंबाला द्या, काकू म्हणतात तिथली चिमणी तरी कुणी बघितलीये. मी काकूंच्या बाजूनं आहे, बंबाची पत्र्याची नळी सुद्धा बघितली पाहिजे, आणि बंब बाथरूमच्या आत असेल तर टरफलाच्याही आधी तो बाहेर काढला पाहिजे.

गवंड्यानं जाताना मोजमापाचा कागद मागून घेतला. त्यानं त्याच रस्त्याला अजून दोन होमस्टेंच्या फायरप्लेस बांधल्यात, दोन्हीकडं वासे टेकलेले आणि दोन्हीकडं लायनर नाही, हे त्यानं स्वतःहून सांगितलं. एका मालकानं कौलं काढून बघायला तयारी दाखवली आहे, पाऊस लागायच्या आत ते काम धरायचंय, आणि दुसरे म्हणतात सीझन संपू दे. त्यांच्याकडं गेस्ट झोपतात त्या खोलीत निदान अलार्म तरी आज लावा असं मी त्यांना फोन करून सांगितलंय.